आवाज ओळखीचा, चेहरा दुसऱ्याचा

प्रश्न : मालिकेतील सासूबाईंचा आवाज मसाल्याच्या जाहिरातीत ऐकू येतो, पण पडद्यावर बाई दुसऱ्याच असतात. असे का करतात?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : अनेक जाहिराती हिंदीत चित्रित होतात आणि मग मराठीसह इतर भाषांत डब केल्या जातात, त्यामुळे चेहरा तोच राहतो, आवाज मात्र भाषेगणिक बदलतो. मालिकेतील कलावंतांना बोलावण्याचे कारण केवळ लोकप्रियता नव्हे. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर दिवसभर संवाद म्हणणाऱ्यांचा गळा तयार असतो, तरीही ३० सेकंदांत दुसऱ्याच्या ओठांशी अक्षरे जुळवत ‘चव’ हा शब्द जिभेवर रेंगाळेल असा म्हणणे भल्याभल्यांचा कस पाहते. हिंदीपेक्षा मराठी वाक्य लांबले, की ते एका श्वासात उरकावे लागते. अशा वेळी जाणता नट शब्द बदलून मागतो आणि त्याने तो मागावाच, कारण जाहिरातींतले ओबडधोबड मराठी आपण फार सोसले आहे. चेहरा दिसला नाही तरी आवाजावर कलावंताचा हक्क असतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. म्हणूनच ध्वनिमुद्रण कुठे आणि किती काळ वापरले जाईल, हे कलावंतांनी करारात लिहून घ्यायला हवे.