बीएनपीचं सॅम्पल आणि आपल्याकडचा मे महिना

भाऊ, लॅबमध्ये नवा आहेस म्हणून आधी हेच सांगते: बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी एकच समजू नकोस. हृदयावर ताण आला की त्याच्या पेशी जे प्रथिन सोडतात, त्याचे हे दोन तुकडे. (बीएनपीतला 'बी' म्हणजे ब्रेन, कारण 1988 मध्ये जपानी संशोधकांना तो आधी डुकराच्या मेंदूत सापडला.)

बीएनपी फार नाजूक. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब घे, तीही प्लास्टिकचीच. काचेत तो लवकर मोडतो. साधारण चार तासांत तपासणी व्हायला हवी.

एकदा मे महिन्यात चोपड्याहून सॅम्पल एसटीने जळगावला आलं. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं. बीएनपी शंभराच्या आत, म्हणजे हृदय ठीक असल्यासारखा, आणि पेशंटचे पाय सुजलेले, रात्री उशांना टेकून बसूनच झोपायचा! मी रिपोर्ट अडवला, पुन्हा रक्त घेतलं. आकडा कितीतरी वर निघाला. लांबून येणाऱ्या सॅम्पलला म्हणूनच एनटी-प्रोबीएनपी बरा, तो टिकतो.

सॅक्युबिट्रिलची (हृदय कमजोर असल्यास देतात ती) गोळी चालू असली तरी तोच लाव. त्या गोळीने बीएनपी वाढू शकतो. किडनी अधू असली तर मात्र दोन्ही चढतात, तेव्हा फॉर्मवर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) विचारून लिहीत जा.