ते वेळापत्रक कपाटावरून काढ

प्रिय मुली,

तुझं नाव छापत नाही, काळजी नको. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते: ही बावीस वर्षांची, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणारी. बारा दिवसांपूर्वी फुप्फुसाचा टीबी निघाला. डॉक्टरांनी सध्या वेगळं राहायला सांगितलंय, म्हणून माळवदावरच्या खोलीत एकटी. आई ताट उंबऱ्यावर ठेवून जाते. पहिल्याच दिवशी हिने वेळापत्रक लिहून कपाटावर चिकटवलं: पहाटे पाचला प्रार्थना, चाळीस दिवसांत अख्खं बायबल, दुपारी गिटार, संध्याकाळी इंग्रजी. चौथ्या दिवशी सगळं कोलमडलं. आता रात्री दोनपर्यंत रील्स आणि सकाळी रडू. 'मावशी, देवाने दिलेला वेळ मी वाया घालवतेय का?' असा प्रश्न.

अगं, बायबलात ११८९ अध्याय. चाळीस दिवसांनी भागून पाहिलंस का? रोजचे जवळजवळ तीस! धडधाकट पाळकसाहेबांनाही झेपायचे नाहीत. आणि तुझ्या पोटात सकाळी सकाळी एकेटीच्या, म्हणजे टीबीवरच्या गोळ्या. त्यांनी मळमळतं, गळून जायला होतं. तू सुट्टीवर नाहीस, आजारी आहेस. (२०२० च्या लॉकडाउनमध्ये मीही असंच वेळापत्रक आखलं होतं. माझं तिसऱ्याच दिवशी बारगळलं, आणि मला तर साधी सर्दीही नव्हती.)

तीसच्या जागी एकच घे. फिलिप्पैकरांस पत्र वाच, चारच अध्याय आहेत. पौलाने ते कैदेत असताना लिहिलं हे तुला संडे स्कूलपासून पाठ असेल. पण दुसऱ्या अध्यायातला एपफ्रदीत आठवतो का? मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, त्याला पौलाच्या मदतीला पाठवलं आणि तोच आजारी पडला, मरता मरता वाचला. त्याला जास्त कशाने लागलं, तर आपण आजारी असल्याचं घरी कळलं याने. आणि पौल काय लिहितो? काम अर्धवट टाकून आला, असं नाही. त्याचं आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा, म्हणतो. हे सावकाश वाच. ज्या दिवशी तेवढंही होणार नाही, त्या दिवशी स्तोत्र ११७. दोनच ओव्या आहेत. झोपून वाचलं तरी चालतं.

आईने मंडळीत 'टायफॉइड' सांगितलंय, ते मात्र मला पटलं नाही. निदान पाळकसाहेबांना आणि तरुण संघातल्या जवळच्या दोघींना खरं सांग. घरातल्यांची तपासणी झाली का, हे पत्रात नाही. झाली नसेल तर उद्याच करायला लाव. ऊन येतं म्हणून खिडक्या लावून बसू नकोस. पडदा ओला करून सोड, पण हवा खेळू दे. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं तरी नाही. रात्री दहानंतर फोन खाली आईकडे. रील्स बघणं पाप नाही गं, पण तुला झोप हवीय.

आता पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलेली ओळ. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्या रात्री खाली ड्रम, घागरींचा गोंधळ असतो, तुला मदत करता येत नाही म्हणून लाज वाटते. आणि आजी जिन्याशी बसून नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत असते, 'पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या चालीत'. मुली, तुझं काम हेच! ही चाल तुमच्या घरात आजीशिवाय कुणाला येते? आजीला वर चढवू नकोस, तिच्या वयाला धोका नको. अंगणात खुर्ची टाकायला सांग, तू खिडकीतून फोनवर बोल आणि रेकॉर्ड कर. रोज एकच भजन. कुणाकडून शिकली, कुठे म्हणायची, तेही विचार. गिटार आहेच, चाल बसवून बघ. खोकला आला की थांब.

वेळापत्रक फाडू नकोस. मागची बाजू कोरी असेल, भजनं तिथेच लिहायला घे.

तुझी,
मावशी