मुंबईचं तिकीट काढण्याआधी

चि. …, अनेक आशीर्वाद.

वरातीत ट्रम्पेट वाजवून ओठ बिघडतात आणि जॅझ शिकायला बँड सोडून मुंबईला जावंच लागेल, असं तू लिहितोस. पहिलं निम्मं खरं. जनरेटरच्या घरघरीवर मात करायला माऊथपीस ओठांत रुतवून फुंकलंस, तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजणारच. दम पोटातून घे, दाब कमी कर. दुसरं मात्र मला पटत नाही. जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या ब्रास बँडमधूनच वर आला. पुढे मिसिसिपीवरच्या बोटींत वाजवलं आणि 1922 साली शिकागोत बँडप्रमुख किंग ऑलिव्हरच्या हाताखाली दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, धरला. आपल्याकडचा गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट मुंबईच्या ताज हॉटेलात बँड चालवायचा आणि संगीतकार सी. रामचंद्रांच्या सिनेमाच्या गाण्यांतही वाजवायचा. पोटापाण्याचं वाजवणं कुणाला चुकलंय?

तुझी खरी अडचण कानाची आहे. तुझा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे सा काळी पाच. तंबोरा त्यावर लाव. एकही पिस्टन न दाबता ओठांनीच सा, प, वरचा सा, ग, प काढ. एकेक सूर लांब, हळू, न थरथरता. मग खालच्या सा आणि प यांच्या मधला रे घे, पहिला आणि तिसरा पिस्टन दाबून. तो चढाच लागतो. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बोटानं थोडी बाहेर ढकल, तंबोऱ्यात मिसळेल. वरातीत हे कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तुलाही येईनासं झालंय.

अमीर खाँसाहेबांच्या इंदूरात राहतोस, त्यांचा मेरुखंड कानावर असेलच. तेच सूर उलटसुलट क्रमानं मांडायची ती सवय इथे उपयोगी पडते. फक्त रागात सा हलत नाही, ब्लूजमध्ये, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याच्या प्रकारात, पायाच सरकतो. बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड) साधा ब्लूज घे: चार बार सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म, शेवटी दोन सा. हार्मोनियमवर डाव्या हातानं हे सूर धर आणि वर गा. हो, गा. वाद्य नंतर. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस 1944 साली न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात गेला खरा, पण खरी ओढ रात्रीच्या क्लबांची होती, आणि लवकरच तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बँडमध्ये वाजवू लागला. वर्गाची फी भरायची घाई तुलाही नको.

लग्नसराई संपेपर्यंत बँडमध्येच राहा, पैसे साठव. दर आठवड्याला बारा बार मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. वाजवलेले नको, गायलेले.

तुझा,
काका