पुस्तक छापून आलं नाही म्हणून मानधनासाठी थांबलात, पण मुदत थांबलेली नाही

ऐरोलीच्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. ठाण्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी अकरा वर्षं मराठी शिकवलं, एप्रिल २०२२ ला राजीनामा दिला आणि तेव्हापासून घरून फ्रीलान्स लिहितात, वर्कबुकं, ऑडिओ स्क्रिप्ट, कंपन्यांची माहितीपत्रकं, जे मिळेल ते. वाशीच्या एका प्रकाशकाला त्यांनी पाचवी ते सातवीची मराठी वर्कबुकं लिहून दिली, तीन टप्प्यांत, २८ मार्च, २४ एप्रिल आणि १६ जून २०२३ ला. ठरलेलं मानधन एकूण १,८४,००० रुपये, हातात आले शून्य. वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ आहे, 'मानधन पुस्तक प्रकाशित झाल्यापासून ४५ दिवसांत देय राहील', आणि अभ्यासक्रम बदलतोय म्हणून पुस्तक थांबवलंय असं प्रकाशक सांगतो. ताई विचारतात, पुस्तक यायची वाट बघू का केस करू, लिखाणाचा हक्क कोणाचा, आणि नोकरी सोडली हेच चुकलं का.

ताई, अशी पत्रं मला अनुवादक पाठवतात, चित्रं काढणारे पाठवतात, डबिंगवाले पाठवतात, त्यामुळे प्रकाशक कसा वागला यात मी शिरत नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे १६ जून २०२६ ही तारीख, आणि तिचा तुम्ही उल्लेखसुद्धा केलेला नाही.

१९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद १८ आहे. कोणाच्या सांगण्यावरून काम केलं आणि पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा घालावा लागतो. तुम्ही म्हणाल की आमचं तर ठरलं होतं, प्रकाशनानंतर ४५ दिवस. हो, आणि कोर्टातही आपण तेच म्हणू, की ही ओळ पैसे कधी द्यायचे ते सांगते, द्यायचे की नाही ते सांगत नाही, पुस्तक छापणं पूर्णपणे प्रकाशकाच्या हातात होतं, त्याने स्वतःच ते अडवून ठेवलं तर त्याचा फायदा त्याला घेता येणार नाही, आणि वेळ ठरलेली नसली की करार कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे वाजवी वेळेत पैसे द्यायला हवेत. मुद्दा चांगला आहे, मला स्वतःला पटतो. मुदत करारभंगापासून मोजायची, म्हणजे पुस्तक थांबवलं असं त्यांनी पहिल्यांदा कळवलं त्या दिवसापासून, असंही मांडता येईल. पण हे सगळे युक्तिवाद झाले, कोणत्या न्यायाधीशांना काय पटेल ते आज सांगता येत नाही. समोरचा वकील पहिल्याच पानावर लिहिणार की काम जून २०२३ ला दिलं, दावा मुदतबाह्य आहे. त्याला ती संधी द्यायचीच कशाला? शेवटचा टप्पा दिलात त्या दिवसापासून तीन वर्षं धरा आणि त्याच्या आत दावा दाखल करा, मग १६ जूनच्या टप्प्यावर तरी वाद उरत नाही.

पहिल्या दोन टप्प्यांचं मात्र अवघड आहे. तीन बिलं, तीन तारखा, त्यामुळे हे तीन वेगळे व्यवहार आहेत असं प्रकाशक म्हणणार, आणि मार्च-एप्रिलच्या कामाची तीन वर्षं तर होऊन गेली. इथे तुम्हाला वाचवू शकेल अशी एकच ओळ तुमच्या पत्रात आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिलीये: ९ ऑक्टोबर २०२४ ला त्यांच्या संपादकाचा ईमेल आला होता की 'मॅडम तुमची तिन्ही बिलं अकाउंट्सकडे आहेत, पुस्तक आलं की लगेच क्लिअर करू'. मुदत कायद्याचं कलम १८ (वरचा अनुच्छेद १८ वेगळा) असं आहे की मुदत संपायच्या आत समोरच्याने देणं लेखी मान्य करून सही केली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे की पैसे द्यायची वेळ अजून आलेली नाही असं त्यात लिहिलेलं असलं तरी ती कबुलीच धरता येते. म्हणजे प्रकाशकाची पळवाट असलेलं ते 'पुस्तक आलं की' इथे आपल्या विरुद्ध जात नाही. अडचण एवढीच की संपादकाला कंपनीच्या वतीने देणं मान्य करायचा अधिकार होता का, आणि ईमेलखालचं नाव म्हणजे सही का, यावर भांडण होईल. माझ्या मते तुमची बाजू बरी आहे, पण या एका ईमेलच्या भरवशावर १६ जून जाऊ देऊ नका.

आता जरा रागाने बोलतो. तुम्ही गेल्या नोव्हेंबरात ओळखीच्या वकिलाकडून नोटीस पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसलात. सहा महिने! नोटीस पाठवली की मुदत थांबते हा गैरसमज कुठून पसरला कोण जाणे, पण दर महिन्याला कोणीतरी त्यापायी आपले पैसे घालवून बसतं. नोटिसीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. खासगी प्रकाशकाला आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्तीही नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेतली कलम ८० ची नोटीस असते ती सरकारवर दावा करायचा असेल तेव्हा. पोलीस स्टेशनला जाऊन आलात त्यानेही काही झालं नाही, होणारही नव्हतं, हे दिवाणी प्रकरण आहे असंच ते सांगणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सासूबाईंच्या आजारपणामुळे राहून गेलं असं लिहिलंय, ते मला समजतं, कोर्टालाही समजेल, पण मुदत कायद्याचं कलम ५, म्हणजे ज्याला सगळे विलंबमाफी म्हणतात, ते अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. दावा एक दिवस उशिरा गेला तर कारण कितीही खरं असो, न्यायाधीशांचेही हात बांधलेले असतात. म्हणून मी एवढं जीव तोडून सांगतोय.

त्यात आता मे महिना. दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी आहे, अर्धे वकील गावाला आहेत, आणि कामकाज नीट सुरू व्हायला जूनचा पहिला आठवडा उजाडतो. मुदत सुट्टीत संपली असती तर कोर्ट उघडल्या दिवशी दावा घालायची मुभा कायद्यात आहे, पण तुमची मुदत सुट्टी संपल्यावर संपतेय, त्यामुळे ती मुभा तुम्हाला नाही. म्हणजे कागद तयार करायला मे महिना आणि दाखल करायला जूनचा जेमतेम एक आठवडा. ते काम १५ तारखेवर ढकलू नका, कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्र, एखादी त्रुटी निघाली की पुन्हा चक्कर, यात दोन-चार दिवस सहज जातात.

प्रकाशकाचं ऑफिस वाशीला, काम तुम्ही ऐरोलीत बसून केलं, दोन्ही ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे दावा बेलापूरच्या कोर्टात. वर्क ऑर्डरच्या तळाला 'मुंबई न्यायालयांच्या अधीन' असं छापलंय असं तुम्ही म्हणता, त्याला किती महत्त्व द्यायचं ते मूळ कागद बघूनच ठरेल. मुंबईत त्यांचं ऑफिस नसेल आणि व्यवहाराचा कुठलाही भाग तिथे घडला नसेल तर नुसत्या छापील ओळीने मुंबईच्या कोर्टाला अधिकार मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा बसेल का हेही वर्क ऑर्डर बघूनच, कारण त्याला लेखी करार आणि ठरलेली रक्कम लागते. बसला तर वेळ वाचेल. साधा दावा असला तर किती वर्षं लागतील याचा अंदाज मी देणार नाही, पावणेदोन लाखांसाठी माणसाला इतकं ताटकळत ठेवणारी व्यवस्था मला रोज त्रास देते, पण तुमच्या हातात मुदतीत दाखल करणं आहे, ते करा.

पुराव्याचं बघू. जुना मोबाईल एक्सचेंजमध्ये दिला आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेतला नाही असं लिहिलंय. ताई, अकरा वर्षं मुलांना वह्या नीट ठेवायला सांगितल्यात ना? स्वतःच्या कमाईचे कागद असे कसे सोडलेत? असो, ईमेल शाबूत आहेत हे नशीब. एकही ईमेल डिलीट करू नका, फॉरवर्ड करून चालणार नाही, मूळ मेलबॉक्स तसाच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, दोन भागांत, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं, त्याची तयारी वकिलाला आत्ताच करायला सांगा.

आणि आज रात्रीच एक गोष्ट बघा. इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन २०२३-२४ चा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापून भरलेल्या कराचा तक्ता, उघडा, पुढच्या दोन वर्षांचेही उघडा. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापायचा असतो आणि तो पैसे दिल्यावर किंवा खात्यात जमा दाखवल्यावर, जे आधी होईल तेव्हा. त्यांच्या अकाउंटंटने तुमची बिलं हिशोबात घेऊन १८,४०० रुपये कापून भरलेले असतील तर ते तिथे दिसतील, आणि मग 'पैसे देणं लागतच नव्हतो' हे त्यांना शपथेवर सांगणं जड जाईल. एवढ्यावरच केस जिंकता येते असं मी म्हणत नाही, टीडीएस म्हणजे कलम १८ ची कबुली असंही धरू नका, पण उलटतपासणीत ती नोंद फार उपयोगी पडते. शिवाय दावा कोणाच्या नावाने घालायचा तेही तिथे कळतं, कारण पुस्तकांवर असतं ब्रँडचं नाव आणि टीडीएस कापणारी असते खरी कंपनी किंवा फर्म.

तुम्ही जानेवारी २०२५ ला उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी, नोंदणी केलीत. ही दोन वर्षं आधी केली असतीत तर हे पत्र लिहावं लागलं नसतं कदाचित. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारात लिहिली तरी चालत नाही, १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. म्हणजे ते 'प्रकाशित झाल्यापासून' एका झटक्यात निकामी झालं असतं. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, बस. पण नोंदणीच्या आधीच्या कामाला तिचा फायदा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलं, नंतर त्यावर मतभेद झाले आणि २०२५ ला हा विषय मोठ्या खंडपीठाकडे गेला. म्हणून या प्रकाशकाच्या बाबतीत त्या वाटेवर वेळ घालवू नका, पुढच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम नंबर छापा.

लिखाणाच्या हक्काचं थोडक्यात. तुम्ही त्यांच्या नोकरीत नव्हता आणि हक्क त्यांच्याकडे देणाऱ्या कागदावर सही केली नसेल तर कॉपीराइट तुमचाच, कारण हस्तांतर लेखी आणि सही केलेलं लागतं. तरी तेच लिखाण लगेच दुसऱ्या प्रकाशकाला विकू नका, पैसेही मागताय आणि मालही विकलात असं चित्र उभं राहील. आधी वकिलाला वर्क ऑर्डरची सगळी पानं दाखवा.

नोकरी सोडली ते चुकलं का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण सोडताना जे मिळायला हवं होतं ते घेतलं नाहीत एवढं नक्की. 'टीचरला ग्रॅच्युइटी नसते' असं शाळेने सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत! २००४ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात बसत नाहीत म्हटलं होतं हे खरं, पण २००९ ला कायदा बदलला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून मागे लागू करून, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. तुमचा शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ३८,००० होता, त्याचे २६ भाग, त्यातले १५, गुणिले अकरा वर्षं, म्हणजे २,४१,००० च्या वर, प्रकाशकाच्या थकबाकीपेक्षा जास्त, आणि उशिराचं व्याज वेगळं. दिलासा एवढाच की अर्ज उशिरा केला म्हणून ग्रॅच्युइटीचा हक्क आपोआप बुडत नाही, उशिराचं कारण द्यावं लागतं, इथे सासूबाईंचं आजारपण उपयोगी पडेल. शाळेला याच आठवड्यात लेखी अर्ज करा, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवा, आणि दिलं नाही तर ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून आतापर्यंत थांबले असं शेवटी लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं, कारण त्यासाठी थांबायची गरजच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे, तिथे उत्पन्नाची अट नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, कोर्ट नाक्याला, प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वर्क ऑर्डर, तिन्ही बिलं, ऑक्टोबर २०२४ च्या ईमेलची प्रिंट, २६एएस आणि आधार घेऊन जा. तिथे कोणी आधी लोकअदालतीत समझोता करून बघू म्हटलं तर नाही म्हणू नका, पण त्याने मुदत थांबते असंही धरू नका. अर्जावर सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहा, मुदत १६ जून २०२६ ला संपते, आणि काउंटरवरच्या माणसाला ते तोंडीही सांगा.