काठाची भिंत नंतर, आधी ऑगस्टचा हप्ता थांबवा

पत्राचा सारांश असा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निवृत्त, वय ६१. हिडकल धरणाच्या फुगवट्याकाठी दहा गुंठ्यांत घर बांधलंय. गेल्या पावसाळ्यात काठ ढासळला, लाकडी धक्क्याचे दोन खांब कलले. ठेकेदार शंभर फुटी आरसीसी भिंतीचे ९ लाख सांगतोय. ‘बँकेतल्या पाच वर्षांच्या योजनेत दरवर्षी चार लाख भरतो, दोन हप्ते झाले. ती मोडू की तिच्यावर कर्ज काढू? पुढं घर भाड्यानं देऊन महिना तीस हजार सुटतील.’

दोन्ही होणार नाही. पत्रासोबत पाठवलेला कागद बघा. ती बँकेची योजना नाही, युलिप आहे, म्हणजे शेअर बाजाराला जोडलेली विमा पॉलिसी. बँकेनं फक्त विकली. पहिली पाच वर्षं त्यातून पैसे निघत नाहीत आणि युलिपवर कर्ज मिळत नाही. गुंतवणुकीची जोखीम पॉलिसीधारकाची, हे त्याच कागदावर छापलंय. परताव्याच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोनच रकाने आहेत, तेही नुसते उदाहरणादाखल. तुम्हाला तोंडी सांगितलेले १५ टक्के त्यात कुठंच नाहीत. एकसष्टीच्या माणसाला चाळीस लाखांचं विमाकवच गळ्यात मारलंय आणि त्याचा खर्च दर महिन्याला तुमचीच युनिट (फंडातले हिस्से) विकून वसूल होतोय. घरभाडं आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज पत्नीला पुढंही मिळणार, मग हे कवच कुणासाठी?

आता खरा धोका. उरलेले तीन हप्ते म्हणजे १२ लाख. तुमच्याकडं बचत योजनेत १५ लाख आणि खात्यात ३. हप्ते बचत योजना मोडूनच भरावे लागतील. आज ८.२ टक्क्यांनी वर्षाला १.२३ लाख, म्हणजे महिना दहा हजार येतात. १२ लाख गेले की महिना दोन हजार. टिळकवाडीतल्या घराचं येणारं भाडं १८ हजार आणि पीएफची पेन्शन ३ हजार धरून तुमच्या ३२ हजारांच्या घरखर्चाला आत्ताच थोडे कमी पडतात. शिवाय ते खातं मुदतीआधी बंद केलं तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात.

म्हणून ऑगस्टचा हप्ता भरू नका. खात्यातून आपोआप कपात होण्याची संमती आजच रद्द करा. विमा कंपनीला लेखी कळवा, की पॉलिसी बंद करायची आहे, पुनरुज्जीवन नको. हे शेवटचे दोन शब्द राहिले तर पैसे आणखी लांबू शकतात. बंद करण्याचा दंड पाच हजारांच्या आत. रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते, तिथं किमान ४ टक्के मिळतात. आज साडेसात लाख मूल्य असेल तर तीन वर्षांनी साधारण ८.४ लाख हातात येतील. चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार आधी कंपनीकडं करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बेंगळूरूच्या विमा लोकपालाकडं जा, तिथं फी लागत नाही.

आता काठ. धरणाची पूर्ण पातळी २१७५ फूट. बुडीत क्षेत्र सरकारनं संपादित केलेलं असतं, त्यामुळं धक्का आणि ढासळलेला काठ बहुधा तुमच्या उताऱ्यात नसणारच. हुक्केरीच्या सर्व्हे खात्याकडून हद्द मोजून घ्या. हद्दीबाहेर नीरावरी निगमच्या (कर्नाटकच्या पाटबंधारे महामंडळाच्या) लेखी परवानगीशिवाय एक दगडही टाकू नका, उद्या काढायला लावतील.

आरसीसी भिंत इथं मला मुळीच पसंत नाही. धरणाचं पाणी भराभर उतरतं, पण भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी तसंच राहतं आणि भिंतीला पुढं ढकलतं. वीप होल (भिंतीतली पाणी निघायची भोकं) नसतील किंवा बुजली तर भिंत कलते. लाटा पायथ्याची माती ओढतात ते वेगळंच. त्यापेक्षा सहा फुटी काठ आपल्या हद्दीत मागं कापून दोनास एक उतार द्या, बारा फूट जमीन जाईल. उतारावर जिओटेक्स्टाईल म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर नऊ ते पंधरा इंची खाणीतला कोनेदार दगड दीड फूट जाड थरात. नदीतले गोटे घरंगळतात. कापड टाळलं तर फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतो. पायथ्याला दोन फूट खोल चर खणून सगळ्यात मोठे दगड तिथं बसवा. १०० फूट लांबी × १४ फूट उतार × १.५ फूट जाडी म्हणजे २१०० घनफूट, म्हणजे २१ ब्रास. तुम्ही कळवलेल्या चार हजारांच्या दरानं ८४ हजार. चराचा दगड, कापड, जेसीबी आणि मजुरी धरून दीड लाखाच्या आसपास. वरच्या कडेला जूनमध्ये वाळ्याची रोपं सहा-सहा इंचांवर लावा.

त्याआधी एक काम जवळजवळ फुकट होतं. तुमच्या फोटोत छपराचा पाइप थेट काठावर सुटलाय आणि शोषखड्डा कडेपासून जेमतेम दहा फुटांवर आहे. काठाला समांतर पडलेल्या भेगा मला लाटांपेक्षा या पाण्याच्याच वाटतात. दोन्हीचं पाणी घराच्या मागच्या बाजूला वळवा आणि एक पावसाळा बघा.

धक्क्याचे खांब सरळ करण्यात पैसे घालू नका. उन्हाळ्यात पाणी इतकं मागं जातं की धक्का चिखलात उभा राहतो. परवानगी मिळालीच तर २०० लिटरच्या आठ बंद ड्रमांवर तरंगता करा, दोर सैल ठेवा.

महिना तीस हजारांची आशा मात्र सोडा. पाऊस आणि उन्हाळा वगळून वर्षात वीस रात्री गेल्या तरी पाच हजारांनी एक लाख. राखणदाराचे महिना आठ हजार म्हणजे ९६ हजार. उरले चार हजार, त्यात वीजबिलसुद्धा भागणार नाही.

दीड लाख खात्यातल्या ३ लाखांतून द्या, उरलेले आजारपणासाठी राहू द्या. बचत योजनेला हात लावू नका.