सुखवस्तू घरातल्या मुलांचा तो शांत आत्मविश्वास येतो कुठून? तो कमावता येतो का?

तुम्ही लिहिलंय की जामखेडहून पुण्यात नोकरीला आलात, आणि ऑफिसातले काही जण मीटिंगमध्ये इतके निवांत असतात की चुकले तरी चेहरा उतरत नाही. मी त्या निवांत लोकांपैकीच एक. एरंडवण्यात आजोबांनी बांधलेलं घर, आई-वडील दोघंही प्राध्यापक. तिशीपर्यंत मला वाटायचं, माझा स्वभावच शांत आहे.

२००९ च्या सुरुवातीला, मंदीत, हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने अख्खी टीम घरी बसवली. त्यात मी होतो आणि इंजिनिअरिंगपासूनचा माझा मित्र, मूळचा बार्शीचा. तो माझ्याहून हुशार. माझं एम-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, त्याच्याच वह्यांवर निघालं. त्याने बाराव्या दिवशी कमी पगाराची नोकरी धरली, कारण बहिणीची फी भरायची होती. मी सात महिने घरी होतो. वडील एकदाच म्हणाले, "बघ सावकाश." पुढे मुलाखतीत मी सांगायचो, "मध्ये थोडा ब्रेक घेतला होता," आणि समोरचा मान डोलवायचा. त्याला मात्र प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं, मध्येच पगार कमी कसा झाला?

पडलो तर किती खोल पडणार हे मला ठाऊक होतं: एरंडवण्यातल्या माझ्या खोलीपर्यंत. आवाजात उतरतं ते हेच.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला जास्त टोचते. कॉलेजच्या कँटीनमध्ये तो एकदा 'कोन आलंय' म्हणाला आणि टेबलावरचे चौघं हसले. मीही हसलो. त्यानंतर तो बोलताना 'ण' असलेले शब्द टाळून इंग्रजी शब्द घालायला लागला, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. आम्ही घरी जे बोलायचो तेच पुस्तकात छापलेलं असायचं, यात माझं कर्तृत्व शून्य. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला (१८३१), मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने शाळेच्या पुस्तकांची मराठी घासूनपुसून घेतली, आणि या सगळ्यात पुण्याच्या शिकल्या-सवरल्या ब्राह्मणांची बोली 'शुद्ध' ठरली. दीडशे वर्षांनी त्याचे मार्क मला फुकट मिळाले. आडनावाचंही तसंच. पेठेत खोली बघायला गेलो की मला भाडं सांगायचे, त्याला आधी गाव, मग "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?"

(आम्हा पुणेकरांना आमच्या पाट्यांचा फार अभिमान. पण 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' असं लिहायला आधी दार स्वतःचं लागतं.)

अ‍ॅडमिशनच्या दिवशी त्याचे वडील खिडकीसमोर कागदांची गुंडाळी करून दोन तास उभे होते. माझे बाबा सरळ आत गेले आणि कुणी म्हणायच्या आधी खुर्चीत बसले. काम दोघांचंही झालं. पण आम्ही दोन पोरं ते बघत होतो.

आता, कमावता येतो का? सगळा नाही. मागे घर नसताना घर असल्यासारखं वागलात तर एक-दोनदा चांगलंच महागात पडेल, त्यामुळे 'बिनधास्त राहा' असला सल्ला मी देणार नाही. सहा महिन्यांचा खर्च बँकेत साठला की आवाज आपोआप थोडा खाली येतो, हे मित्राच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि 'मला हे कळलं नाही, परत सांगा' हे वाक्य मीटिंगमध्ये उच्चारून बघा. आम्ही लोक ते दिवसातून चारदा म्हणतो आणि आम्हाला कुणी मठ्ठ समजत नाही. तुमच्याबद्दल पहिल्यांदा समजतीलही. तिसऱ्यांदा नाही. भाषेचं मात्र काही करू नका, 'पानी' म्हणा.

मित्र आता बाणेरला राहतो. मागच्या महिन्यात आम्ही जेवायला गेलो होतो, त्याची नऊ वर्षांची मुलगीही होती. तिच्यापुढे डोसा आला. तिने वेटरला हाक मारली, "काका, मी साधा सांगितला होता, हा मसाला आहे," आणि पुन्हा चित्र काढायला लागली. आवाज चढवला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. मित्र माझ्याकडे बघून हसला. त्याच्या स्वतःच्या ताटात उत्तप्पा होता. त्याने मागवली होती इडली.