मॅडम, दिवसभर बसतोय पण काम होईना

गेल्या काही वर्षांत राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलंय की पहिले दोन शब्द ऐकले की पुढचं मला पाठ असतं. नोकरी पुण्या-बेंगलोरच्या कंपनीत, राहायला कोल्हापुरात, घरच्या जेवणावर. सकाळी नऊला बसतात, रात्री अकराला उठतात, आणि दिवसभरात काय झालं विचारलं की गप्प. सगळ्यांना माझ्याकडून एक चांगलं टाइमटेबल हवं असतं, जसं काय ते माझ्या ड्रॉवरमध्ये छापून ठेवलंय. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट लिहिते, त्याला विचारून, ओळख पटेल ते सगळं बदलून.

पेठेतला मुलगा, वय ३१. जुनं घर, पुढं सोपा म्हणजे बसाउठायची जागा, मागं दोन खोल्या, त्यातल्या एकीत कपाटाला खेटून टेबल. सॉफ्टवेअरचं काम, क्लायंट अमेरिकेतला, रोज संध्याकाळी साडेसहाला कॉल, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला शिस्त नाही मॅडम. आळशी आहे मी." चौदा तास खुर्चीत बसणारा माणूस स्वतःला आळशी म्हणतो तेव्हा माझे कान टवकारतात, पण त्या दिवशी नाही टवकारले, खरं सांगते. मी सरळ त्याला टायमरची युक्ती दिली. १९८० च्या दशकात फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, तीच ती, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. पंधरा दिवसांनी आला आणि म्हणाला, टायमर चालू असतो आणि मी ऑफिसचं चॅट बघत असतो. म्हणजे औषध बरोबर होतं, पेशंट चुकीचा होता, किंवा उलटं म्हणा.

मग मी त्याला शंभर पानी वही आणायला लावली. तीन दिवस फक्त लिहायचं, कामावरनं लक्ष कधी उडालं आणि कशानं. सुधारायचं काहीच नाही, नुसतं लिहायचं. वही भरून आली. आईला लक्ष्मीपुरीत बाजाराला सोडलं. मामा आला, त्याच्यासंगं चहा. सिलिंडर आला. भावाच्या पोराचा फॉर्म भरला. आणि या सगळ्याच्या मधे मधे, दर पाच-सात मिनिटांनी एकच नोंद, "चॅट बघितलं." कुणाचा मेसेज आला होता? बहुतेक वेळा कुणाचाच नाही.

"मग कशाला बघतोस?"

"नावापुढं हिरवा ठिपका राहावा म्हणून, म्हणजे कामावर आहे असं दिसतं. पाच मिनिटं काय हललं नाही की पिवळा होतो."

"जेवताना काय करतोस?"

हसला थोडासा. "ताटाशेजारी माउस असतो. डाव्या हातानं हलवतो."

मी नाही हसले. मला ते ताट आणि तो माउस डोळ्यासमोर दिसत होता. विचारलं, "पिवळा झाला तर काय होईल?"

"वाटेल की घरात झोपलाय."

"कुणाला वाटेल?"

"मॅनेजरला."

"असं तो कधी म्हणालाय?"

इथं तो बराच वेळ थांबला. मी पण थांबले. समुपदेशनात आमचं निम्मं कौशल्य तोंड बंद ठेवण्यात असतं आणि हे शिकायला मला कितीतरी वर्षं गेली. मग खाली बघत म्हणाला, "मॅनेजर नाही म्हणाला. पप्पा म्हणतात. शेजारच्या काकांना सांगत होते, असतोय घरातच, लॅपटॉपवर काय तरी करत बसतोय."

वेळ कमी पडतोय हे दुखणंच नव्हतं. हा मुलगा एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होता, एक काम करायची आणि दुसरी कामात दिसायची, आणि दुसरीचे तास पहिलीपेक्षा जास्त भरत होते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी आहे, त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेलं साधं म्हणणं असं की माणसाला प्रसंगापेक्षा त्याच्या डोक्यातली सक्ती जास्त छळते. मराठीत ही सक्ती पकडायला फार सोपी, वाक्यातला "च" शोधायचा. मी त्याला ते वाक्य लिहायला लावलं. त्यानं लिहिलं, "मी कायम कामातच दिसलो पाहिजे, नाहीतर मी रिकामटेकडाच." दोन "च". वाचलं आणि म्हणाला, "हे तर मी पप्पांच्या आवाजात लिहिलंय."

पुढच्या वेळी पप्पांना घेऊन ये म्हणलं. आले. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आयुष्य काढलेला माणूस, हातावर भाजल्याचे डाग, खुर्चीच्या कडेला बसलेले. पहिल्यांदा नुसतं हो-नाही. मग मी त्यांच्याच कामाचं विचारलं तेव्हा खुलले. म्हणाले, "ओतकामाला एक टाइम असतोय बघा. मोल्ड म्हंजे साचा तयार, लोखंड तापलेलं, रसाची लॅडल, म्हंजे ओतायचं भांडं, उचलली की मधी कुणी हाक मारायची न्हाई. मालक आला तरी बाजूला हुभा ऱ्हातोय. मधीच थांबला तर तिथं सांधा पडतोय, आख्खा जॉब रिजेक्ट."

मी म्हणलं, "दादा, ह्याचं पण तसंच आहे. मधे सिलिंडर आला की सांधा पडतो."

ते पोराकडं बघत राहिले, मग मला विचारलं, "व्हय?" आणि पोरगा म्हणाला, "व्हय पप्पा. परत जोडायला अर्धा तास जातोय."

मला पुस्तकातली उदाहरणं भरपूर माहिती आहेत, सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलंय की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. पण लॅडलच्या पुढं ते सगळं फिकं आहे, आणि ती मला सुचली नव्हती, ती त्या खुर्चीच्या कडेवर बसलेल्या माणसाकडं होती. त्यांना बोलवायचं मात्र मला सुचलं, एवढं श्रेय मी घेते.

तर आता जे मला टाइमटेबल मागतात त्यांच्यासाठी, आम्ही केलं ते असं. दिवसात ओतकामाच्या दोनच वेळा ठरवल्या, साडेनऊ ते अकरा आणि तीन ते साडेचार. जास्त नाही, कारण दिवसभर लक्ष एकाग्र ठेवीन म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी कोलमडतो. त्या वेळात चॅट बंद, फोन आईकडं. बाकी दिवस मोकळा सोडला, मेल, मीटिंग, लक्ष्मीपुरी, सगळं तिथं. लक्ष्मीपुरी पण गरजेची आहे, घरी राहून घरच्यांना अजिबात वेळ द्यायचा नाही हे कोल्हापुरात चालणार नाही आणि चालू पण नये. मॅनेजरला त्यानं आधी विचारलं, की साडेनऊ ते अकरा चॅटला उत्तर देणार नाही, अर्जंट असेल तर फोन करा, घरचा नंबर देऊन ठेवतो. हे विचारायची त्याला महिनाभर भीती वाटत होती. मॅनेजरचं उत्तर आलं, "ओके." एवढंच. सगळेच मॅनेजर असे नसतात, काहींना ठिपकाच लागतो, तिथं दीड तासाऐवजी पाऊण तास मागून बघा, पण न विचारता मनात उत्तर ठरवू नका.

आणि रात्री उठायची वेळ. पप्पांच्या फौंड्रीत भोंगा व्हायचा, ह्याच्याकडं भोंगाच नव्हता, त्यामुळं काम पसरत जायचं. कॉल संपला की लॅपटॉप कपाटात, टेबलावर सुद्धा नाही. पहिले आठ दिवस त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. वाटू दे म्हणलं, वाटून जाईल.

परवा फोन आला होता. मामा साडेदहाला आला तर पप्पांनी सोप्यातच अडवला म्हणे, "थांब जरा, आत ओतकाम चालू हाय." मामाला काही कळलं नाही, बिचारा अकरापर्यंत पेपर वाचत बसला. आता नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं मागं जातील आणि कॉल साडेसातला सरकेल, तेव्हा परत वही काढायची ठरलंय.